नऊ मीटर

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली तेव्हा गावात पेढे वाटून झाले आणि आबांनी (माझे आजोबा) एकच गोष्ट सांगितली, "आते काठनं काही तरी कर."

आमचं घर शिरपूर तालुक्यात, तापीच्या अगदी काठावर. खाली सुलवाडे बॅरेज झाल्यापासून आमच्यासमोर नदी कमी आणि तळं जास्त. पाहुणे म्हणतात, "काय मस्त लोकेशन आहे हो!" पाहुण्यांना काय जातंय म्हणायला? दर पावसाळ्यानंतर आमचं अंगण थोडं थोडं पाण्यात जातं. लहानपणी मी जिथे गोट्या खेळलो ती जागा आता हवेत आहे.

तापीकाठची माती म्हणजे नदीनेच आणून टाकलेला गाळ, काही ठिकाणी शेकडो फूट खोल. कोरडी असली की कुदळ लागत नाही, भिजली की ढेकूळ चहातल्या बिस्किटासारखं विरघळतं. आबा नेहमी म्हणायचे, "पानी चढस तव्हय नही, उतरस तव्हय काठ पडस." ऑगस्ट 2006 च्या त्या पुरात, ज्याने खाली सुरत बुडवली, आमचा काठ जागेवर होता. पाणी ओसरलं आणि मग गोठ्यामागचा तुकडा धप्पकन गेला. मला ही म्हाताऱ्या माणसाची समजूत वाटायची. थर्ड इयरला सरांनी 'रॅपिड ड्रॉडाऊन' शिकवलं आणि मी बेंचवर ताठ झालो! काठ आतून पाण्याने भरलेला असतो, बाहेरून टेकू देणारं नदीचं पाणी भराभर खाली जातं, आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. जड झालेली माती घसरते. चौथी पास आबांनी हे न शिकता सांगितलं होतं आणि मी त्यावर सात मार्कांचं उत्तर लिहिलं.

उपाय आम्ही करून पाहिले नाहीत असं नाही. काकांनी आधी विटांचा मलबा ओतला. तो पहिल्याच पुरात गेला. मग एका ठेकेदाराकडून काँक्रीटची भिंत बांधून घेतली. दिसायला झकास! पण मागचं पाणी निघायला भिंतीत एक भोक नाही, आणि पाया नदी जिथवर खरवडते त्याच्या वरच. दुसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झाली. कर्ज मात्र अजून उभं आहे.

मागच्या सुट्टीत मी कॉलेजची टेप घेऊन गेलो (लॅब असिस्टंट दादांचे आभार). काठाची उंची सहा मीटर, काठापासून घराची भिंत नऊ मीटर. पुस्तकाप्रमाणे उतार एकास दोन करायचा तर बारा मीटर जागा लागते. म्हणजे उतार थेट आजीच्या चुलीत! रात्रभर खोडाखोड करून एक जमलं. पायथ्याशी जाळीत बांधलेल्या दगडांची दोन मीटरची रांग, खाली नीट खोल बसवलेली. वरचे चार मीटर एकास दीड उतारावर, दगडाखाली जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी निघेल पण माती निघणार नाही. वरच्या अंगाला वाळ्याची रोपं, कारण त्याची मुळं सरळ खाली जातात. घरापुढे तीन मीटर उरतात.

पण काठापासून पाच मीटरवर निंब आहे. आबांनी लावलेला. घर वाचवायचं तर तो आपल्याच हाताने पाडायचा.

शिवाय आमच्यापुरतंच बांधून भागत नाही. दगड जिथे संपतात तिथे पाणी शेजाऱ्याचा काठ जास्त कुरतडतं आणि मागून आपल्यातही शिरतं. अख्खी गल्ली एकत्र यायला हवी. आमच्या गल्लीत तर गणपतीची वर्गणीही एकत्र होत नाही.

फुकटातलं एक काम तेवढं बाबांनी आणि मी दोन दिवसांत केलं. मोरीचं आणि पत्र्याचं पाणी इतकी वर्षं काठावरच मुरत होतं, ते पाईपने लांब नेलं.

ड्रॉइंग आबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "निंब कोठे शे यामा?" मी बोट ठेवलं ती जागा कोरी होती.

परवा हॉस्टेलवर फोन आला. आबा म्हणाले, उन्हाळा जाऊ दे, सावली लागते.