घाटातले गार पाणी

वैशाखाच्या उन्हात सायकलवरून ताम्हिणी घाट गाठू पाहणाऱ्याला पाण्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. चांदणी चौकाची चढण ओलांडून पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकावीत, तोवर सूर्य माथ्यावर आलेला असतो. पुढे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दिसू लागतो. पण ते पाणी डोळे निववणारे. घशाची भिस्त सायकलच्या दांडीला अडकवलेल्या बाटलीवर, आणि त्या बाटलीतले पाणी एव्हाना चहाला ठेवल्यासारखे तापलेले! आषाढ-श्रावणात जिथे कड्याकड्यांवरून धबधबे कोसळतात, त्याच ताम्हिणीत वैशाखात प्रवासी गार पाण्याच्या एका घोटासाठी आसुसतो.

तापलेल्या पाण्यानेही तहान भागते, हे खरे. पण ते तोंडाला लावावेसे वाटत नाही. एक घोट घेऊन सायकलस्वार बाटली पुन्हा जागेवर ठेवतो. घाम मात्र वाहतच असतो. मग डोके जड होते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. वेळीच सावध झाले नाही, तर उष्माघाताने प्राणावरही बेतते. म्हणून गार पाणी ही उन्हातल्या प्रवासात केवळ चैन नव्हे. गार असले की ते प्यायले जाते, यातच त्याचे महत्त्व आहे.

पाणी गार ठेवण्याची एक युक्ती आपल्या घरोघरी आहे. मातीच्या माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडे पाणी झिरपते आणि वाऱ्याने त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. ती सगळी माठातल्याच पाण्यातून घेतली गेली, तर ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी निवेल! थोडे पाणी आपण नाहीसे होते आणि उरलेल्याला गारवा देऊन जाते. मोटारीच्या पुढे टांगलेली जाड कापडाची पाण्याची पिशवी याच न्यायाने गार राही. आजचा सायकलस्वारही बाटलीवर सुती पायमोजा चढवून तो भिजवतो, तेव्हा तो माठाचाच धडा गिरवीत असतो.

परंतु या युक्तीला कोरड्या हवेची साथ लागते. देशावरचा उन्हाळी वारा कोरडा. तो पायमोज्यातले पाणी झपाट्याने टिपून घेतो. ताम्हिणीचा घाट उतरून विळे, निजामपूर, माणगावकडे वळावे, तो हवा बदलते. कोकणातल्या दमट हवेत आधीच पुष्कळ बाष्प असते. तिथे ओला पायमोजा ओलाच राहतो आणि पाणी पुरेसे निवत नाही.

तिथे दुसरी युक्ती कामास येते. १८९२ साली लंडनमध्ये जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने काचेचे दुहेरी भिंतींचे भांडे तयार केले आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. त्याला चहा गरम ठेवायचा नव्हता. अतिशीत अवस्थेत द्रवरूप झालेले वायू जपून ठेवायचे होते. उष्णता वहनाने, अभिसरणाने आणि प्रारणाने प्रवास करते. पहिल्या दोन वाटांना पदार्थाचे माध्यम लागते. ते निर्वात पोकळीत नसते. तिसरी वाट चांदीच्या चकचकीत मुलाम्याने अडवली. पुढे १९०४ च्या सुमारास जर्मनीत अशी भांडी ‘थर्मॉस’ या नावाने विक्रीस आली. आजची पोलादी दुहेरी बाटली हे त्याच भांड्याचे रूप होय. सायकलसाठी मऊ प्लॅस्टिकच्या दुहेरी बाटल्याही निघाल्या आहेत. पोलादी बाटली जड असते, पण पाणी तासन्तास गार ठेवते. मऊ बाटलीतला गारवा लवकर सरतो; मात्र एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्या हाताने ती दाबता येते. घाटाच्या वळणावर ही सोय लहान नव्हे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माठ पाणी गार करतो. ही बाटली केवळ उष्णतेला दारात अडवते. तिच्यात कोमट पाणी भरले, तर ती इमानाने कोमट पाणीच सांभाळील. म्हणून शहाणा प्रवासी पहाटे माठातले गार पाणी या बाटलीत भरून घेतो. जुन्या आणि नव्या युक्तीने असे हातात हात घातले, म्हणजे प्रवास सुखाचा होतो.

आणि या दोहोंहून मोठे नवल तर सायकलस्वाराचे शरीर! तोही एक माठच आहे. त्वचेतून घाम पाझरतो, वाऱ्याने सुकतो आणि रक्त निवते. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसताच ओघळतो. म्हणून घाटाखाली वेग आवरावा, सावलीत थांबावे. माठ रिकामा झाला, तर तो गारवा कोठून देणार? तहानेने जीव व्याकूळ होण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. घरी परतल्यावर बाटलीत गार पाणी तसेच उरले, यात बाटलीचे कौतुक असेल, प्रवाशाचे नाही.