कोन्ती तारीख, बापू?

मला इंग्रजी येतं असं मी आजही म्हणणार नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. पण काम का रखडलं, किती रखडलं आणि आता कधी पुरं होईल, एवढं मला इंग्रजीत धड लिहिता येतं. माझ्या घरची चूल बरीच वर्षं त्यावरच पेटते आहे. हे ज्यांच्यामुळे जमलं ते खामगावचे एक निवृत्त हेडक्लार्क. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. नाव छापलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून लिहीत नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली ते पहिलीपासून आलं, तोवर आम्ही शाळेबाहेर पडलो होतो. पाठ केलेल्या निबंधांत गाय होती, पावसाळ्यातला एक दिवस होता. अडकलेलं बिल कुठेच नव्हतं.

आयटीआय करून मी एका लहान ठेकेदाराकडे साईटवर लागलो. कामं घाटाखालची, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडची. मोऱ्या, लहान पूल, शाळाखोल्या. काळी माती अशी, की पाऊस झाला की गिट्टीचा ट्रक रस्त्यातच रुतून बसायचा. त्यात पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. तिथलं खारं पाणी काँक्रीटला चालत नाही, क्षारांनी सळई गंजते. गोडं पाणी टँकरने लांबून आणावं लागायचं आणि टँकर आला नाही की स्लॅब थांबायचा. ही अडचण साईटवरच्या पोरासोरांनाही ठाऊक होती. ती कागदावर कशी उतरवायची, हे मात्र आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक म्हणायचे, "लिहून टाक, वर्क इज पेंडिंग." मी लिहून टाकायचो.

काका संध्याकाळी मालकांच्या दुकानात पेपर वाचायला येत. एकदा माझा अर्ज त्यांच्या हाती लागला. काम 'ॲट द अर्लिएस्ट' पूर्ण करू, असं मी शेवटी ऐटीत लिहिलं होतं. ते हसले नाहीत.

"अर्लिएस्ट म्हंजे कोन्ती तारीख, बापू?"

मला तारीख माहीत नव्हती.

"तं मंग आधी साईटवर जाय, मिस्त्रीले इचार, अन् मंग लिही."

राग आला होता. मला स्पेलिंगं सुधारून हवी होती आणि हा माणूस मला पुन्हा एसटीत बसवत होता. पण गेलो. मिस्त्रीजवळ बसून उरलेलं काम मोजलं, तेव्हा कळलं की अर्जाचं अर्धं इंग्रजी त्या मोजणीतच आहे.

पुढे त्यांनी मला सरकारी बांधकामाचा बी-१ करारनामा वाचायला बसवलं. त्यातलं दुसरं कलम दंडाचं. मुदतीच्या पाव भागात पाव काम व्हायला हवं, अर्ध्यात अर्धं, पाऊण मुदतीत पाऊण. सहावं कलम मुदतवाढीचं. अर्ज मुदत संपायच्या आत करायचा, किंवा अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत, यांतलं जे आधी येईल तेव्हा. आम्ही आजवर मुदत उलटून गेल्यावर हात जोडायला जात होतो! 'अनअव्हॉइडेबली हिंडर्ड' हे त्यातले शब्द माझ्या तोंडात बसायला बरेच दिवस गेले.

मग हिंड्रन्स रजिस्टर आलं. अडथळा कधी आला, कधी हटला, आणि साहेबांची सही. पाऊस आणि विजेचा खांब हटवण्याचं काम एकाच आठवड्यात आडवं आलं, तर ते दिवस एकदाच धरायचे, दोनदा नाही. मी दोनदा धरून बघत असे, आणि काका लाल पेन्सिलीने खोडत असत. 'बियॉन्ड अवर कंट्रोल' लिहिलं की विचारायचे, यातलं आपल्या हातात काय होतं ते आधी सांग. 'बाय' आणि 'टिल' यांतला फरकही तिथलाच. आपलं एक 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, पण मे अखेर 'टिल' लिहिलं की साहेब समजणार, हे मे अखेरपर्यंत काम करतच राहणार. पुरं कधी करणार ते नाहीच. 'काइंडली डू द नीडफुल' त्यांना अजिबात खपत नसे.

दंड न लागता पहिली मुदतवाढ मिळाली, तेव्हा मालकांनी मजुरांचा थकलेला चुकारा त्याच बाजाराच्या दिवशी केला. काकांचं शिकवणं किती जणांच्या पोटापर्यंत जातं हे मला तेव्हा दिसलं. त्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, "मंग आता पुढचं बिल."

जिगावच्या बातम्या ते पेपरातून कापून ठेवत. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होणाऱ्या त्या धरणाचा खर्च नव्वदच्या दशकात सुमारे ३९४ कोटी धरला होता. लांबत लांबत तो १३ हजार कोटींच्या पुढे गेला. 'एस्कलेशन' हा शब्द त्यांनी मला त्या कात्रणांवर शिकवला, आणि शिकवताना नेहमीसारखी गंमत केली नाही. त्यांची काही सोयरीक त्या बुडीत गावांतली होती.

फी विचारली तर ते चिडत. एकदा कापड घेऊन गेलो, तर तसंच परत पाठवलं. "लोकाइचे अर्ज लिहीत जाय," एवढंच म्हणाले. ते गेले त्या वेळी मी साईटवर होतो, पोचता आलं नाही.

रविवारी माझ्या ओसरीवर लोक येतात. कुणाचा पीकविमा अडलेला असतो, कुणाची वीजजोडणी, कुणाचं ठिबकचं अनुदान. बहुतेक अर्ज मराठीतच लिहायचे असतात. मुदत कधी संपते तो कागद आधी आणा म्हटलं की काहीजण तोंड वाकडं करून उठून जातात. पुढच्या रविवारी त्यांतले बरेचसे तो कागद घेऊन येतात.