वाघ नदीच्या पलीकडचा जिल्हा

मुलांनो, नकाशात गोंदिया शोधा. त्याच्या थोडं वर वाघ नावाची एक नदी दिसेल. नाव वाघाचं असलं तरी उन्हाळ्यात ती अगदी मांजर होऊन वाळूतून वाहते! या नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. गोंदियाहून गाडीत बसलं की नदी ओलांडून तासा-दीड तासात बालाघाट येतं. पाट्या हिंदी होतात, पण शेतं तीच, धानाच्या बांध्या त्याच आणि गावाबाहेरचा मोहही तोच.

बालाघाट हा जिल्हा 1867 साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून तयार झाला. 1956 पर्यंत तो ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी होती आपलं नागपूर! 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी रचना झाली. नागपूर आणि भंडारा इकडे आले, बालाघाट तिकडे राहिला. पण रेघ मारली म्हणून नातीगोती थोडीच तुटतात? पोवारी बोली आजही दोन्हीकडच्या घरांत बोलली जाते. बाजारात हिंदी, घरात पोवारी किंवा मराठी आणि डोंगराकडच्या पाड्यांवर गोंडी, असा इथला रोजचा व्यवहार.

जिल्ह्याचे साधारण दोन भाग आहेत. खाली वैनगंगेचं सपाट खोरं. हा भाताचा मुलूख. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर बैहरचं पठार. तिथे साल आणि बांबूचं दाट जंगल, गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की फाटक. जमिनीच्या पोटात भरवेलीला मँगनीज आणि मलाजखंडला तांबं आहे.

आता एवढा मोठा जिल्हा चालतो कसा, ते पाहू. क्षेत्रफळ 9,229 चौरस किलोमीटर. सगळ्यांत वर कलेक्टर, म्हणजे आपले जिल्हाधिकारी. त्यांच्याखाली एसडीएम, म्हणजे आपले प्रांत. मग तहसीलदार. आणि गावाचा सातबारा सांभाळणारा आपला तलाठी तिथे पटवारी होतो. गावात दवंडी देणारा, सरकारी निरोप पोचवणारा आपला कोतवाल, तो तिथे कोटवार! दुसरी शिडी लोकांनी निवडून दिलेल्यांची. आपली जिल्हा परिषद ती तिथली जिला पंचायत, आपली पंचायत समिती ती जनपद पंचायत. अशा 10 जनपद पंचायती या जिल्ह्यात आहेत. सगळ्यांत खाली, किंवा खरं म्हणजे सगळ्यांत जवळ, ग्रामपंचायत.

पंचायतींना घटनेत पक्कं स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली. त्यानंतर नव्या कायद्याने पंचायतीच्या निवडणुका सर्वांत आधी घेतल्या त्या मध्य प्रदेशाने, 1994 साली. आज तिथे पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. बैहरकडचा भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो, म्हणजे आदिवासींसाठी तिथे खास नियम आहेत. 1996 च्या पेसा कायद्याचे नियम मध्य प्रदेशाने 15 नोव्हेंबर 2022 ला लागू केले. त्यानुसार तिथल्या ग्रामसभेला जंगलातल्या गौण उपजाबद्दल, पाण्याबद्दल, जमिनीबद्दल बोलण्याचा अधिकार मिळाला. ग्रामसभा म्हणजे झाडाखाली बसलेलं सगळं गाव. त्यात आजीसुद्धा आली!

आता माणसं मोजू या. 2011 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात 17,01,698 माणसं होती. शंभरातली पंच्याऐंशी खेड्यांत राहणारी. दर चौरस किलोमीटरला 184 माणसं. मुंबई उपनगरात तेवढ्याच जागेत सुमारे वीस हजार! शंभरातली बावीस-तेवीस माणसं आदिवासी.

पण खरी गंमत पुढे आहे. या सतरा लाखांत बाया जास्त आणि पुरुष कमी. दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया. मध्य प्रदेशातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत मोठा. त्याच वर्षी महाराष्ट्राचा आकडा होता 929.

असं का बरं? एक कारण म्हणजे पुरुष कामासाठी बाहेर जातात. धान कापून झालं की नागपूरकडे किंवा त्याहून लांब. मोजणीच्या दिवसांत माणूस जिथे राहत असेल, तिथे त्याची नोंद होते. म्हणजे घर बालाघाटचं आणि नोंद भलतीकडे. पण सगळं उत्तर एवढंच नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं काही एकटी कामाला जात नाहीत ना? त्यांच्यातही हजार मुलग्यांमागे 967 मुली होत्या. महाराष्ट्रात तेव्हा हा आकडा नऊशेच्याही खाली होता. म्हणजे मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करण्याची खोड तिथे कमी. श्रीमंत जिल्ह्यांनी या गरीब जिल्ह्याकडून शिकावं असं हे एक.

आणि आता एक प्रश्न तुम्हाला. 2011 च्या मोजणीत तुम्ही होतात का? तुमचा जन्म त्यानंतरचा असेल, तर नव्हतात! 2021 ची जनगणना कोरोनामुळे झाली नाही. ती 2027 सालची ठरली. म्हणजे 2011 च्या मोजणीनंतर जन्मलेलं मूल, मग ते बैहरचं असो की बारामतीचं, तोपर्यंत कुठल्याच जनगणनेत नाही.

त्याने काय बिघडतं? बरंच बिघडतं. स्वस्त धान्य किती माणसांना द्यायचं, याचा आकडा 2013 च्या कायद्यानुसार 2011 च्या लोकसंख्येवरून ठरलेला आहे. घरात माणसं वाढली, पण धान्याचा कोटा जुन्याच मोजणीवर! पंचायतीत आदिवासींना आणि दलितांना किती जागा, हेही लोकसंख्येवरूनच ठरतं. जंगलातल्या टोल्यावरची चार घरं मोजायची राहिली, तर ती कागदावरून पुसली गेली असंच समजा. म्हणून मोजणी नीट होणं महत्त्वाचं. आणि ती करतं कोण? बहुतेक ठिकाणी आमच्यासारखे प्राथमिक शिक्षकच! नदी ओलांडून, टोल्याटोल्यावर जाऊन, दार वाजवून.

तेव्हा मुलांनो, एक करा. तुमच्या गावचे तलाठी कोण, ग्रामसेवक कोण, सरपंच कोण, हे घरी विचारा आणि वहीत लिहा. आपल्या आळीत किती घरं, किती मुलगे, किती मुली, ते मोजा. दर हजार मुलग्यांमागे किती मुली येतात, ते त्रैराशिकाने काढा. आणि मग तो आकडा बालाघाटच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. आपण नदीच्या अलीकडचे पुढे आहोत की मागे, ते तुम्हीच ठरवा!