रिट्रीव्हर पिल्लाचा आहार आणि कॅल्शियमचा हट्ट

लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या वाढत्या पिल्लाला काय खाऊ घालावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु जन्मतः अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचे हे पिल्लू वर्षभरात पंचवीस-तीस किलोंचे होते आणि इतक्या थोड्या काळात त्याचा सगळा सांगाडा घडत असल्यामुळे, या काळात ताटात झालेली चूक पुढे औषधाने पुरती भरून निघत नाही. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथे ही पिल्ले हौसेने आणि मायेने पाळली जातात. दुष्काळ वारंवार सोसलेल्या बीड जिल्ह्यात पोटभर खाऊ घालणे हीच माया मानली जात असल्याने गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू, हा समज येथे फार खोलवर रुजलेला आहे आणि पशुवैद्यकाची निम्मी शक्ती तो दूर करण्यातच खर्ची पडते.

या समजाचे सर्वांत हट्टी रूप म्हणजे कॅल्शियम. पुढचे पाय मनगटापाशी बाहेर वळले, सांधे जाड दिसू लागले किंवा पिल्लू उठताना लंगडले, की 'मुडदूस झाला, कॅल्शियम कमी पडले' असे निदान घरीच होते आणि औषधाच्या दुकानातील गोळ्या, किंवा त्याहून सहज हाताशी असलेले म्हशीचे खनिज मिश्रण, पिल्लाच्या वाटीत चमच्याने पडू लागते. येथे थोडे शरीरशास्त्र समजून घेणे अपरिहार्य आहे. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेप्रमाणे कॅल्शियम कमी-अधिक शोषून घेते. परंतु सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लात हे नियंत्रण अपुरे असते, त्यामुळे अन्नातून येईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे, म्हणजे ज्या मऊ थरातून हाड लांबीने वाढते त्या थराचे, हाडात होणारे रूपांतर बिघडते. उत्रेख्त विद्यापीठात हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर केलेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने सांगाड्याचे विकार होतात हे स्पष्ट दिसले. म्हणजे ज्या वाकड्या पायांवर उपाय म्हणून कॅल्शियम दिले जाते, ते पाय कॅल्शियमच्या अतिरेकानेही वाकू शकतात.

मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी, म्हणजे प्रौढपणी सुमारे ३२ किलो किंवा त्याहून अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांसाठी, अमेरिकेतील 'आफ्को' या संस्थेच्या मानकांत अन्नातील पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या भागात कॅल्शियम किमान १.२ आणि कमाल १.८ टक्के असावे, असे सांगितले आहे. समजा, दहा किलोंचे पिल्लू दिवसाला ३०० ग्रॅम तयार खाद्य खाते आणि पिशवीवर १० टक्के ओलावा व १.२ टक्के कॅल्शियम अशी नोंद आहे. तर त्याच्या पोटात ३.६ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि कोरड्या भागात त्याचे प्रमाण सुमारे १.३ टक्के, म्हणजे अगदी योग्य, येते. त्यात खनिज मिश्रणाचे दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम, मिसळले आणि त्याचा पाचवा भाग कॅल्शियम असला, तर हे प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊन मर्यादा ओलांडते.

मात्र याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. ज्वारीची भाकरी आणि दूध एवढ्यावरच वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही अपुरे पडतात, कारण लिटरभर दुधातही कॅल्शियम जेमतेम १.२ ग्रॅम असते आणि धान्यातील फायटेट हा घटक त्याचे शोषण अडवतो. बिनहाडाची कोंबडी आणि भात या आहारात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम नगण्य असल्यामुळे शरीर रक्तातील पातळी टिकवण्यासाठी हाडांतूनच कॅल्शियम ओढते आणि हाडे साध्या उडीनेही मोडू शकतात. अशा घरात कॅल्शियम आवश्यकच असते, फक्त ते मोजून द्यावे लागते. एकच औषध शेजारच्या दोन घरांत एकीकडे उपाय आणि दुसरीकडे अपाय ठरते, ही साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही, याचा थकवा या व्यवसायातील अनेकांना जाणवतो.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. अमेरिकेत एका पशुखाद्य कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या करून जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले. कमी खाणाऱ्यांत खुब्याच्या सांध्याचे विकार कमी आढळले आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले, की सुमारे चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय दोष असतो. म्हणून पिल्लाची याचना हे त्याच्या गरजेचे माप मानता येत नाही. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण डोळ्यांत भरू नयेत, आणि वरून पाहता कंबर दिसावी, ही खूण पुरेशी विश्वासार्ह आहे.

त्यामुळे पिशवीवर 'मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी' असा स्पष्ट उल्लेख असलेले संपूर्ण खाद्य चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीनदा आणि नंतर दोनदा, वजन करून द्यावे आणि उकडलेले अंडे, भाकरीचा तुकडा यांसारखे वरचे खाणे दहाव्या भागापलीकडे जाऊ देऊ नये. ज्यांना असे खाद्य परवडत नाही किंवा गावात मिळत नाही, त्यांनी घरचा आहार पशुवैद्यकाकडून ग्रॅममध्ये बांधून घ्यावा. घरच्या आहारावरही पिल्लू चांगले वाढवता येते, पण अंदाजाने नव्हे. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड यकृतास घातक असते, शिजवलेली हाडे चिरफळतात, आणि दिवाळीच्या दिवसांत लाडवातील बेदाणे, चॉकलेट व कांद्याचा चिवडा पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नये.

पिल्लाचे पाय दाखवायला दवाखान्यात येताना पालकांनी खाद्याची पिशवी, रोजची वाटी आणि खनिज मिश्रणाचा चमचाही सोबत आणावा. बहुतेक वेळा निदानाची सुरुवात त्या तीन वस्तूंपासूनच करावी लागते.