दुर्बिणीचं ऑपरेशन

सोमवारची सकाळ, अकराची मीटिंग संपली. सगळे उठले, मी मात्र खुर्चीला चिकटून! काळा कुर्ता घातला होता, तरी उठल्यावर खुर्ची काय चुगली करेल याचा नेम नव्हता. ड्रॉवरमध्ये एक्स्ट्रा कुर्ता, बॅगेत पॅडचं जम्बो पॅक आणि दर महिन्याला दोन दिवस ‘वर्क फ्रॉम होम’... दोन वर्षं माझं हेच टाइमटेबल होतं. तुमच्या टीममध्येही अशी कुणी असेल. कदाचित तुम्हीच असाल.

एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ‘लग्न झालं की होईल ठीक’ म्हणाले. मी गोळ्या घेतल्या, लग्न पुढे ढकललं. पण ऑफिसच्या दुसऱ्याच मजल्यावर धाप लागली, तेव्हा रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ७.८. बाईला किमान १२ तरी हवं.

मग नव्या डॉक्टर आणि सोनोग्राफी. गर्भाशयाच्या पोकळीत अडीच सेंटिमीटरची गाठ. फायब्रॉइड. ‘कॅन्सर?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, फायब्रॉइड जवळपास नेहमी साध्याच गाठी असतात. आणि गाठ केवढी, यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी असली तरी कधी पत्ता लागत नाही. आत सुपारीएवढी असली तरी जीव नकोसा करते. उपायही जागेवरूनच ठरतो. पोकळीत असेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे योनीमार्गातून बारीक दुर्बीण, पोटावर एकही छेद नाही. भिंतीत किंवा बाहेर असेल तर बऱ्याचदा लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटावर तीन-चार छोटे छेद. काहींचं औषधांवरही भागतं.

रात्री अर्जुनी मोरगावला फोन लावला. ‘आई, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे.’

पलीकडे शांतता. मग हळूच, ‘लगनाआधी? काहून वो?’

माझी ट्यूब जरा उशिराच पेटली. आमच्या धानाच्या मुलखात दुर्बीण म्हणजे पोरं बंद करायचं, बिनटाक्याचं ऑपरेशन! आईनंही धाकट्यानंतर शिबिरात तेच केलं होतं. मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता यांनी एकट्यानं अशी अडीच लाख ऑपरेशन्स केल्याची नोंद १९८९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. म्हणजे माझ्या जन्माआधीच दुर्बीण खेडोपाडी पोचली होती. पण बाईला एवढं रक्त का जातं, ते बघायला ती आईपर्यंत कधी आली नाही.

आईचंही अंगावरून खूप जायचं. रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात वाकलेली, साडीखाली जुन्या कापडाच्या घड्या. छत्तिसाव्या वर्षी तिला सांगितलं, पिशवी खराब झाली, काढून टाका. पोट उभं फाडून काढली. गाठ होती का? अंडाशयं ठेवली का? तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आणि ती काही एकटी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली.

माझं हिमोग्लोबिन आधी औषधं आणि शिरेतून लोह देऊन ११ वर आणलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं दिवसभर, रात्रभर प्रवास करून आई पुण्याला आली. सकाळी अॅडमिट, भूल, सलाइननं पोकळी फुगवली, स्क्रीनवर बघत गाठ तासून काढली. संध्याकाळी घरी! तुकडे तपासायला गेले, रिपोर्ट आला साधी गाठ. पुन्हा होऊ शकते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

फाइलमध्ये दुर्बिणीतून काढलेला फोटो होता. गुळगुळीत, गुलाबी-पांढरी गोटी. आई तो चष्मा लावून किती तरी वेळ बघत बसली.

‘माहीबी अशीच होती का वो?’

काय सांगणार? तिच्याकडे एक कागद नव्हता.

म्हणून मैत्रिणींनो, तीन प्रश्न विचाराच. नेमकं काय आहे? कुठे आहे? न काढता भागेल का? आणि प्रत्येक रिपोर्टची कॉपी मागून घ्या.

आई परत निघाली तेव्हा माझ्या रिपोर्टची झेरॉक्स तिनं मागून घेतली. गावी रेशनकार्ड आणि सातबारा ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, तिच्यात आता तीही आहे.