उष्टं

परवा रविवारी आमच्या नातीचं उष्टावण झालं. सहा महिने पूर्ण झाले, खालचे दोन दात तांदळाच्या कणीसारखे नुकते वर आलेत. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, तांदळाची खीर... सगळं साग्रसंगीत. मामा खास नाशिकहून कोथरूडला आला होता. पहिला घास मामानं भरवायचा ना! त्यानं सवयीनं खीर गरम आहे का ते ओठांना चमचा लावून बघितलं आणि तोच चमचा बाळाच्या तोंडाशी नेणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "दादा, थांब. दुसरा चमचा घे."

क्षणभर सगळे गप्प. मग विहीणबाई हसून म्हणाल्या, "अगं, आज उष्टावण आहे आणि उष्टं चालत नाही होय?" सगळे हसले. मामानं मुकाट्यानं दुसरा चमचा घेतला. बाळानं खीर चाखली, तोंड वाकडं केलं, थुंकली. टाळ्या, फोटो वगैरे.

मला मात्र हसू येईना. तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माईंना म्हणाले होते. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. दोन खोल्या, एक मोरी. माझा मुलगा १९९१ चा. मी नोकरी करत होते, त्यामुळे दिवसभर तो माईंकडे. माईंच्या तोंडाचं तेव्हाच बोळकं झालेलं. ह्यांनी हौसेनं कवळी करून आणली होती, पण ती फडताळात पाण्याच्या वाटीत पडून असायची. "टोचते रे," म्हणायच्या, आणि कधी लावली नाही. मऊ भात, तूप, मीठ... बोटांनी गुरगुट्या कालवायच्या, एक शीत स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायच्या आणि मग नातवाला घास. एक काऊचा, एक चिऊचा.

मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा वरच्या पुढच्या दातांवर, हिरड्यांच्या अगदी कडेला, खडूसारखे पांढरे पट्टे दिसले. मला वाटलं दूध राहिलं असेल. सहा महिन्यांत ते पिवळे झाले, मग तपकिरी. सगळे म्हणाले, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. तो तीन वर्षांचा असताना एका रात्री गाल सुजला, ताप चढला. दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि वरचे चारही दात काढावे लागतील म्हणाले. पूर्ण भूल देऊन. तीन वर्षांच्या मुलाला ऑपरेशनच्या खोलीत आत नेताना जे वाटतं ते लिहिता येत नाही. बाहेरच्या बाकावर बसले होते, तेव्हा तिथल्या कोणीतरी सहज माहिती दिली, "हे जंतू मोठ्यांच्या थुंकीतून मुलांकडे जातात. उष्टं देऊ नका."

झालं! मला गुन्हेगार सापडला.

घरी आल्यावर माईंनी नेहमीसारखा भात कालवला. जिभेवर शीत ठेवलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माई, थांबा. तुमच्या उष्ट्यानं त्याचे दात गेलेत." माई काही बोलल्या नाहीत. ताटली माझ्याकडे सरकवली आणि हात धुवायला मोरीकडे गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी नातवाला एकदाही स्वतःच्या हातानं भरवलं नाही. चमच्यानंसुद्धा नाही.

त्याला वरचे पक्के दात यायला आणखी चार वर्षं लागली. घरात दोन बोळकी, एक आजीचं, एक नातवाचं. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. आणि मी माझ्या मनात बरोबर होते.

आता खरी गोष्ट सांगते. ती मी बरीच उशिरा वाचली.

दात किडणं म्हणताना आपल्या भाषेनं किडा आधीच गृहीत धरलाय. प्रत्यक्षात किडा नसतो, जंतू असतात. त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञानं १९२४ साली लंडनमध्ये किडक्या दातांतून तो वेगळा काढला. हा साखर खातो आणि आम्ल सोडतो. शिवाय साखरेपासूनच एक चिकट थर बनवून दाताला घट्ट चिकटून बसतो. आम्लता ५.५ पीएचच्या खाली गेली की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ पुन्हा सगळं पूर्ववत करते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. मध्येच पुन्हा गोड गेलं की तिचा डाव मोडतो. आणि झोपेत तर लाळ फारच कमी सुटते.

हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो हे १९६० साली अमेरिकेत हॅमस्टर प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं. निरोगी दातांचे हॅमस्टर किडक्या दातांच्या हॅमस्टरांबरोबर ठेवले, तर त्यांचेही दात किडले. त्याच्या आधी १९५४ साली आणखी एक प्रयोग झाला होता. पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना कितीही साखर घातली तरी दात किडले नाहीत. म्हणजे दोन्ही लागतं, जंतू आणि साखर.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बहुतेक मुलांच्या तोंडात हा जंतू १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान मुक्काम करतो. पुढे त्याहून आधीच्या, अगदी दातही न आलेल्या बाळांच्या जिभेवरही तो सापडला. २०११ साली इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात बिनदाती बाळांच्या लाळेत जंतूंची केवढी तरी मोठी वस्ती दिसली. आपल्याला वाटतं बाळाचं तोंड म्हणजे कोरी पाटी!

आणि तो येतो कुणाकडून? जंतूंचे ठसे जुळवून बघितले तेव्हा सगळ्यात जास्त वेळा जुळली ती आई.

इथे मी वाचता वाचता थांबले. गरोदरपणी माझ्या दोन दाढा किडलेल्या होत्या. दुखायच्या. "बाळंतपणात दात जातातच, बाळ हाडांतलं चुनखड ओढून घेतं," असं सगळ्या म्हणायच्या आणि मीही म्हणायचे. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम घेत नाही, हे मला कुठे माहीत होतं! त्या दाढांवर मी चार वर्षं लवंग ठेवून काढली. मुलाची बाटली किती गरम आहे ते तोंडात थेंब घेऊन मीच बघायचे.

आणि बाटली! सकाळी नोकरीला जायचं, रात्री झोप हवी, म्हणून दोन चमचे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन मी त्याला झोपवायचे. त्याचे वरचेच दात का किडले, तेही वाचताना कळलं. बाटलीच्या बुचाखाली जीभ खालच्या दातांवर पांघरूण घालते, शिवाय तिथे लाळ साठते. दूध तुंबतं ते वरच्या दातांपाशी. अमेरिकेत याचं वर्णन १९६२ सालीच झालं होतं.

आता माईंचं. हा जंतू टणक पृष्ठभागाला चिकटून राहणारा. १९६९ सालच्या अभ्यासात दिसलं होतं, की ज्यांचे सगळे दात पडलेत आणि जे कवळीही लावत नाहीत, त्यांच्या तोंडातून तो जवळजवळ नाहीसा होतो. कवळी लावली की परत येतो.

माईंची कवळी फडताळात होती.

म्हणजे त्या घरातल्या सगळ्या तोंडांत, या एका बाबतीत, बहुधा सगळ्यात निर्धोक तोंड माईंचं होतं. खात्रीनं कोण सांगणार? पण फिर्याद मी चुकीच्या माणसावर लावली होती, एवढं मला पुरेसं कळलं. तोवर माईंना जाऊन सात वर्षं झाली होती.

'उष्टं' या शब्दाचंही गंमतीदार आहे. आपण उष्ट्या-खरकट्याचा केवढा विचार करतो. शाळेत लिमलेटची गोळी वाटून घेताना फ्रॉकच्या टोकात धरून 'चिमणीच्या दातांनी' फोडायचो. कापडातून फोडली की उष्टी होत नाही! आणि बाळाच्या पहिल्या जेवणाचं नाव मात्र आपण उष्टावण ठेवलं. आता हा जीव जगाचं उष्टं खाणार, हे जणू मान्यच करून टाकलंय.

कारण उष्ट्यातून सगळं वाईटच जातं असंही नाही. स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जे आईबाप बाळाची चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करत, त्यांच्या बाळांना इसब आणि दम्याचा त्रास कमी दिसला. आणि २०२३ साली जपानमधल्या मौखिक आरोग्याच्या शास्त्रीय संस्थेनं पालकांसाठी निवेदनच काढलं, की चमचे-वाट्या वेगळ्या ठेवल्यानं कीड टळते याला भक्कम पुरावा नाही. वेगळा चमचा येण्याआधीच आईचे जंतू बाळाकडे पोचलेले असतात. भर द्या तो गोड कमी करण्यावर, दात घासण्यावर, फ्लोराइडवर.

पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. मेलेली तान्ही बाळं तिथले लोक दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. डोळ्यांआड करायचं नव्हतं बहुधा. त्या मुलांचे दुधाचे दात संशोधकांनी तपासले आहेत. एनॅमल घडताना आई आणि बाळाची आबाळ झाली, तर त्यावर खड्डे, रेषा उमटतात आणि तशाच राहतात. पडणारच आहेत म्हणून आपण ज्यांना मोजत नाही, ते दात इतकं जपून ठेवतात.

आपल्याकडे २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. दुधाचे दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षी मागे येणारी पहिली दाढ पक्की असते, तीही दुधाचीच समजून अनेक घरांत दुर्लक्षित राहते.

म्हणून सूनबाईला पाचवा महिना लागल्यावर मी दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिच्या एका दाढेत कीड निघाली, ती भरून घेतली. मीही माझं तोंड दुरुस्त करून आले. रात्रीची बाटली नाही. पहिला दात दिसल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा. एक वर्षाच्या आत पहिली तपासणी. एवढं केलं की मामाच्या चमच्याचं फार मनावर घ्यायला नको, असं मी सूनबाईला संध्याकाळी सांगितलं. मग माईंची गोष्टही सांगितली. पहिल्यांदाच.

मुलगा शेजारी बसून ऐकत होता. भूल, ऑपरेशन, सुजलेला गाल, त्याला काही आठवत नाही. मी विचारलं, "माई आठवतात का रे?"

"आठवते ना," तो म्हणाला. "भात आठवतो. मग एकदम बंदच केला तिनं. मला वाटायचं मी काहीतरी चुकलो म्हणून."

काल दुपारी नातीसाठी भात मी कालवला. गुरगुट्या, तूप, मीठ. जिभेवर शीत ठेवायला हात आपोआप वर गेला. सूनबाई समोरच होती. तिनं बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मी तो मनगटावर टेकवून बघितला. एक घास चिऊचा. एक काऊचा. आणि एक, मनातल्या मनात, माईंचा.