पोत आणि वीण

मराठी समीक्षेच्या परिभाषेत विणकराच्या घरून आलेले शब्द पुष्कळ आहेत. कवितेचा ‘पोत’, कथेची ‘वीण’, कादंबरीचा ‘पट’, निवेदनाचे ‘सूत्र’ हे शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की त्यांना कधीकाळी सुताचा स्पर्श होता हे ध्यानातही येत नाही. ‘तंत्र’ या शब्दाचा वैदिक अर्थ तर थेट माग आणि ताणा यांच्याशी निगडित आहे. हे शब्द हाताने पारखून पाहावेत, एवढ्याच हेतूने निवृत्तीनंतर मी टेबलावर मावणारा एक लहान माग घरी आणला.

‘रिजिड हेडल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मागाला पावड्या नसतात. त्याचे सारे रहस्य एका फणीत असते. फणीत एकाआड एक छिद्र आणि उभी फट. छिद्रातला धागा फणीबरोबर वर-खाली होतो. फटीतला आपल्या जागी राहतो. फणी उचलली की ताण्यात एक वाट उघडते, दाबली की दुसरी. त्या वाटेने आडवा धागा न्यायचा आणि त्याच फणीने ठोकून बसवायचा. इंचाला 10 धागे आणि पन्हा 20 इंच धरला, तर 200 धागे ओवावे लागतात : 100 छिद्रांतून, 100 फटींतून. सगळेच धागे बांधले, तर वाट उघडत नाही; सगळेच मोकळे सोडले, तरीही नाही. छंद आणि मुक्तछंद यांच्या वादात मी पुष्कळ लिहिले आहे. त्या वादाचे इतके नेमके प्रात्यक्षिक मला कोणत्याही ग्रंथात आढळले नव्हते.

पोताचेही तसेच. फणी जोराने ठोकली की कापड ताठ होते, हलकी ठोकली की विरळ. आडवा धागा किंचित तिरका व सैल टाकावा लागतो. ताणला, तर काठ आत ओढले जातात. म्हणजे पोत केवळ सुतात नसतो, नक्षीतही नसतो. हाताच्या सातत्यात असतो.

परंतु या चिंतनाला एक दुसरी बाजू आहे. माझे वडील हातमागावर लुगडी विणत. खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर मागावर बसत आणि आई कांड्या भरत असे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. वडिलांच्या उमेदीच्या काळात यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे त्यांच्या लुगड्याला भाव उरला नव्हता. मुलाने त्या खड्ड्यात उतरू नये, हीच त्यांची इच्छा. माझ्या शिक्षणाची फी त्याच मागावरून आली. ज्या कामातून त्यांनी मला सोडवले, ते आज माझा विरंगुळा झाले आहे.

हा विरोधाभास माझ्यापुरता नाही. काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला. 2019-20च्या गणनेत देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले आणि त्यांत 70 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी वीण ही प्रतिमा नव्हे, मजुरी आहे. माझा पंचा वेळेवर पुरा झाला नाही, तरी चूल अडत नाही.

म्हणून एखाद्या कवितेच्या पोताविषयी लिहिताना हल्ली मी थोडा थांबतो. वडिलांनी विणलेल्या लुगड्याचा एक तुकडा घरात आहे. त्याचे काठ अजून सरळ आहेत. माझे अद्याप होत नाहीत.